तिजोरी कोरडी आणि शाळेचा हप्ता दारात: संकटकाळी गावांपर्यंत केंद्रीय कर्ज कसं पोचवायचं

2020 च्या एप्रिलमध्ये आमच्या न्यू जर्सीतल्या टाऊनशिपच्या अर्थ सल्लागार समितीची बैठक झूमवर होती. मी त्या समितीवर बिनपगारी सभासद. आमच्या फायनान्स ऑफिसरनी स्क्रीनवर एकच तक्ता लावला: डावीकडे तारखा, उजवीकडे हातातली रोकड. 15 मेच्या चौकटीला लाल रंग होता. पुढची पाच मिनिटं कुणीच बोललं नाही.

त्याच सुमाराला वॉशिंग्टनहून 500 अब्ज डॉलरची बातमी आली होती. फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, राज्यांना आणि शहरांना थेट कर्ज देणार होती. फेडच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. आमच्यातल्या एकानं लगेच विचारलं, "मग आपल्याला किती मिळणार?" उत्तर होतं, काहीच नाही. आमचं गाव त्या दरवाज्यातून आत जाण्याइतकं मोठं नव्हतं.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले. अमेरिकेत टाऊन कौन्सिलवर, स्कूल बोर्डावर, बजेट समितीवर आता बरीच मराठी माणसं दिसतात. पुढचं संकट येईल तेव्हा "केंद्राचं कर्ज गावांपर्यंत वाढवा" अशी मागणी आपल्यालाच करावी लागेल, आणि ती नेमक्या शब्दांत करता आली पाहिजे. माझं म्हणणं असं की, मोठा आकडा जाहीर झाला म्हणून कर्ज पोचत नाही. कुणाला, किती मुदतीनं आणि काय भावानं, हे तीन प्रश्न गावाच्या बाजूनं सुटले तरच पोचतं.

पायरी 1: आधी उशीर आणि तोटा वेगळे करा

हे न करता कुठल्याही कर्जाच्या मागे जाऊ नका. समजून घ्यायला एक काल्पनिक गाव घेऊ.

न्यू जर्सीत घरपट्टी वर्षातून चारदा भरायची असते: 1 फेब्रुवारी, 1 मे, 1 ऑगस्ट आणि 1 नोव्हेंबर. वसुली गाव करतं, पण त्यातला मोठा वाटा शाळांचा आणि काउंटीचा असतो. महत्त्वाची मेख अशी की लोकांनी कर भरला नाही तरी शाळेला आणि काउंटीला त्यांची पूर्ण रक्कम गावानं द्यायचीच. थकबाकीचा सगळा भार गावाच्या अंगावर.

समजा आपल्या गावाचं तिमाही बिल 3 कोटी डॉलरचं आहे आणि 1 मेला तिजोरीत 15 लाख शिल्लक आहेत. त्या वर्षी गव्हर्नरांनी मेच्या हप्त्याची सवलत 1 जूनपर्यंत वाढवायची मुभा गावांना दिली होती. नोकरी गेलेल्या माणसाला ती हवीच होती. पण त्यामुळे 15 मेपर्यंत फक्त 1 कोटीच जमा झाले असं धरू. हातात 1 कोटी 15 लाख. त्याच तारखेपर्यंत द्यायचे: शाळेला 55 लाख, काउंटीला 45 लाख, पगार आणि विम्याचे 30 लाख. एकूण 1 कोटी 30 लाख. म्हणजे 15 लाख कमी पडतात.

हे 15 लाख बुडालेले नाहीत, उशिरा येणार आहेत. मेअखेरीला सवलत संपेपर्यंत उरलेल्यातली बहुतेक वसुली येईल, आणि जे घरमालक भरणार नाहीत त्यांच्या थकबाकीचा बोजा घरावर चढून पुढे टॅक्स सेलमध्ये, म्हणजे थकलेल्या कराच्या लिलावात, तीही बरीचशी निघेल. पण त्याच वसंतात पार्किंगचे, म्युनिसिपल कोर्टाच्या दंडाचे, बांधकाम परवान्यांचे, समजा, 12 लाख आले नाहीत. ते गेले ते गेलेच. एप्रिलमध्ये न लावलेली गाडी कुणी ऑगस्टमध्ये दोनदा लावत नाही.

कर्ज 15 लाखांसाठी असतं. 12 लाखांसाठी अनुदान लागतं, नाहीतर कपात. संकटात हे दोन आकडे एकाच मागणीत मिसळून पाठवले जातात, आणि मग समोरचा म्हणतो की तुम्ही तोट्यासाठी कर्ज मागताय, फेडणार कसं? तेव्हा आठवड्याआठवड्याचा रोकड तक्ता करा, महिन्याचा नको. महिन्याच्या तक्त्यात आपल्या गावाची 15 मे दिसलीच नसती, कारण मेअखेरीचा हिशेब जवळपास जुळलेला दिसला असता.

अनुदानाची बाजू थोडक्यात: मार्च 2020 च्या केअर्स कायद्यात, म्हणजे कोविडच्या मदत कायद्यात, राज्यं आणि स्थानिक सरकारांसाठी 150 अब्ज डॉलर होते, पण ते बुडालेला महसूल भरून काढायला वापरता येत नव्हते, आणि थेट हिस्सा 5 लाखांवर वस्तीच्या स्थानिक सरकारांनाच. महसुलाची भरपाई करू देणारे 350 अब्ज आले ते मार्च 2021 च्या कायद्यातून. मधलं वर्ष कर्जावर, राखीव निधीवर आणि माणसं कमी करून काढावं लागलं.

पायरी 2: कुठल्या कायद्याच्या दारातून जायचं ते ठरवा

चार दारं आहेत, आणि प्रत्येकाची चौकट वेगळी.

पहिलं दार फेडरल रिझर्व्ह कायद्याचं कलम 13(3). "असामान्य आणि तातडीच्या" परिस्थितीत वापरायचं. 2020 ची म्युनिसिपल लिक्विडिटी फॅसिलिटी, म्हणजे वरची 500 अब्जांची योजना, याच दारानं आली. अटी कडक आहेत: ट्रेझरी सेक्रेटरींची, म्हणजे केंद्रीय अर्थमंत्र्यांची, मंजुरी हवी, योजना एकट्यादुकट्यासाठी नको, कर्जदार दिवाळखोर नको, त्याला दुसरीकडे पुरेसं कर्ज मिळत नाही असा पुरावा हवा आणि करदात्याचा पैसा बुडणार नाही एवढी सुरक्षा हवी. त्या सुरक्षेसाठी ट्रेझरीनं केअर्स कायद्याच्या निधीतून 35 अब्ज भांडवल देऊ केलं. तोटा झाला तर आधी ते जाणार, मग फेडचे.

दुसरं दार कलम 14(2), आणि ते फारच थोड्यांना माहीत असतं. करवसुलीच्या किंवा खात्रीच्या महसुलाच्या भरवशावर काढलेल्या, 6 महिन्यांच्या आत परत होणाऱ्या स्थानिक नोटा, म्हणजे अल्पमुदतीचे कर्जरोखे, फेड बाजारातून विकत घेऊ शकते. इथं "असामान्य" परिस्थितीची अट नाही. पण 6 महिन्यांत महामारी संपत नाही.

तिसरं दार म्हणजे काँग्रेसनं, अमेरिकेच्या संसदेनं, स्वतः कायदा करून कर्ज देणं. 1975 मध्ये न्यूयॉर्क शहर बुडायच्या बेतात होतं. अध्यक्ष फोर्ड आधी मदतीला ठाम नकार देत होते, पण डिसेंबरमध्ये त्यांनी सही केली आणि शहराला हंगामी कर्ज मिळालं: कमाल 2.3 अब्ज डॉलर, ट्रेझरीच्या दरापेक्षा 1 टक्का जास्त व्याज, आणि दर आर्थिक वर्षाच्या अखेरीला, 30 जूनपर्यंत, पूर्ण परतफेड. शहरानं ते सव्याज फेडलं. मला हा दाखला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात उशीर आणि तोटा यांची फोड कायद्यातच केलेली होती. वर्षाच्या आत येणाऱ्या पैशापुरतंच कर्ज.

चौथं दार फेमाचं, म्हणजे केंद्राच्या आपत्ती-निवारण खात्याचं: स्टॅफर्ड कायद्याच्या कलम 417 खालचं कम्युनिटी डिझास्टर लोन. वादळ, पूर यांनी महसूल गेलेल्या गावाला हे मिळतं. लहान गावांना सगळ्यात ओळखीचं दार हेच. पण साधारणपणे वार्षिक खर्चाच्या 25 टक्क्यांपर्यंत आणि 50 लाख डॉलरची कमाल मर्यादा. 2005 च्या कतरिना वादळानंतर काँग्रेसनं ती मर्यादा त्या आपत्तीपुरती उठवली, पण कर्जमाफीला बंदी घातली. 2007 मध्ये ती बंदीही काढावी लागली, कारण न्यू ऑर्लिन्सच्या आसपासच्या गावांत परत फेडायला माणसंच उरली नव्हती.

तुमची मागणी कुठल्या दाराशी नेताय ते अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहा. 13(3) साठी फेड आणि ट्रेझरी दोघांना एकदम गाठावं लागतं. तिसऱ्या आणि चौथ्या दारासाठी तुमचा काँग्रेस प्रतिनिधी.

पायरी 3: "कुणाला" हा उंबरठा खाली आणा

9 एप्रिल 2020 ला पहिल्यांदा नियम आले तेव्हा राज्यं, 10 लाखांवर वस्तीची शहरं आणि 20 लाखांवर वस्तीच्या काउंटी पात्र होत्या. देशात, शाळांचे आणि इतर खास जिल्हे धरून, सुमारे 90 हजार स्थानिक सरकारं आहेत. पात्र शहरं भरली दहा. कृष्णवर्णीयांचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या 35 शहरांपैकी एकही त्यात बसत नाही, हे ब्रुकिंग्ज या धोरण-संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी आठवड्याभरात दाखवून दिलं, आणि ओरड झाली.

27 एप्रिलला उंबरठा खाली आला: शहरांना अडीच लाख, काउंटींना 5 लाख. आमच्याकडे न्यूअर्क आणि जर्सी सिटी आत आली. एडिसन, जिथं रविवारी बाजारात गेलं की मराठी कानावर पडतंच, ते लाखभर वस्तीचं, ते बाहेरच. त्याची मिडलसेक्स काउंटी मात्र आत. 3 जूनला आणखी रुंदी आली: वस्ती कितीही असो, प्रत्येक राज्यातून किमान दोन शहरं किंवा काउंटी पात्र, शिवाय गव्हर्नरनं नेमलेल्या दोन महसुली संस्था, म्हणजे विमानतळ, टोल रस्ते, लोकल गाड्या चालवणाऱ्या.

म्हणजे दोन महिन्यांत उंबरठा दोनदा खाली आला, आणि तो लोकांनी बोलल्यामुळे आला. सुरुवातीचे नियम दगडावरची रेघ समजू नका.

पण लोकसंख्येचा उंबरठा कितीही खाली आणला तरी 39 हजार गावं, शहरं, काउंटी फेडच्या न्यूयॉर्क शाखेत रांग लावू शकत नाहीत, हेही खरं. म्हणून माझ्या मते खरा रस्ता मधल्या हातातून जातो: राज्यानं किंवा काउंटीनं कर्ज घ्यायचं आणि खाली गावांना वाटायचं. 2020 च्या योजनेत याला परवानगी होती. कर्जाची मर्यादा 2017 च्या स्वतःच्या सर्वसाधारण आणि युटिलिटी महसुलाच्या 20 टक्के होती, आणि खालच्या गावांसाठी राज्याला त्यापेक्षा जास्तही मागता येत होतं. कुणी ते केलं नाही. कारण साधं: गावानं बुडवलं तर राज्याच्या गळ्यात.

इथं मागणी करताना दोन गोष्टी पक्क्या मागा. एक, खाली वाटलेल्या कर्जाचा काही तोटा वरच्या भांडवलानं सोसावा. दोन, राज्याकडे बॉण्ड बँक असेल तर ती पात्र धरावी. व्हरमाँट आणि मेन राज्यांत अशा बँका आहेत. त्या छोट्या गावांची कर्जं एकत्र बांधून बाजारात एकच मोठा रोखा विकतात. कागदपत्रं, वकील, ओळख, सगळं तयार असतं. संकटात नवं यंत्र जोडण्यापेक्षा चालू यंत्राला पाणी घालणं सोपं.

पायरी 4: भाव. इथंच 2020 ची योजना अडली

500 अब्जांपैकी शेवटी साडेसहा अब्जांच्या आसपासच उचलले गेले, आणि ते दोघांनीच: इलिनॉय राज्य आणि न्यूयॉर्कची एमटीए, म्हणजे तिथली मेट्रो आणि लोकल चालवणारी संस्था. का, ते आकड्यांतच दिसतं.

व्याजदर होता अल्पमुदतीचा बाजारदर अधिक पतमानांकनाप्रमाणे कमीजास्त होणारा वाढीव टक्का. ही वाढ उत्तम पतीला 1.5 टक्का, आणि गुंतवणूक-योग्यतेच्या शेवटच्या पायरीवर, बीबीबी उणेला, 3.8 टक्के. बाजारदर तेव्हा शून्याला टेकलेला. इलिनॉय त्या शेवटच्या पायरीवर होतं. जूनमध्ये त्यानं 1.2 अब्ज डॉलर वर्षभरासाठी घेतले ते 3.82 टक्क्यांनी. म्हणजे जवळजवळ सगळं व्याज त्या वाढीव टक्क्याचंच. वर्षाचे सुमारे 4.6 कोटी डॉलर.

ऑगस्टमध्ये फेडनं वाढीव दर अर्ध्या टक्क्यानं उतरवला. डिसेंबरमध्ये इलिनॉयनं 2 अब्ज तीन वर्षांसाठी घेतले, 3.42 टक्क्यांनी. त्या अर्ध्या टक्क्याची किंमत दरसाल 1 कोटी डॉलर. एमटीएनं ऑगस्टमध्ये बाजारात बोली मागवली तर 2.79 टक्क्यांच्या आसपास भाव आला. फेडकडे तोच पैसा 1.92 टक्क्यांनी मिळाला, म्हणून 45 कोटी तिथून उचलले आणि डिसेंबरात आणखी 2.9 अब्ज.

चांगल्या पतीच्या शहरांना मात्र बाजार फेडपेक्षा स्वस्त होता. न्यू जर्सी राज्यानं आणीबाणीच्या कर्जाचा कायदा केला, ऑगस्टमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं तो वैध ठरवला, आणि नोव्हेंबरात राज्य पैसे आणायला गेलं ते खुल्या बाजारातच.

इथं न्यायानं एक सांगायला हवं. दोनच कर्जदार आले म्हणून योजना वाया गेली असं नाही. मार्चमध्ये म्युनिसिपल रोख्यांच्या फंडांतून लोक धडाधड पैसे काढत होते. फेड पाठीशी आहे हे कळल्यावर बाजार सावरला आणि शेकडो शहरांना रास्त भावात कर्ज मिळालं. फक्त, ज्यांच्याकडे बाजार एरवीही बघत नाही त्या गावांना या सावरण्याचा फायदा कमी झाला.

फेडचे स्वतःचे नियम सांगतात की आणीबाणीचं कर्ज सर्वसाधारण काळातल्या बाजारदरापेक्षा महाग असावं, म्हणजे संकट सरल्यावर लोक आपोआप परत जातील. तत्त्व पटण्यासारखं आहे. पण "सर्वसाधारण काळ" म्हणजे कुठली वर्षं, हे मोजायला जागा आहे, आणि वाटाघाट तिथंच करायची. मागणी अशी लिहा: "याच पतीच्या गावाला गेल्या पाच वर्षांत बाजारात सरासरी जो फरक पडला, त्यावर थोडा अधिक." आकडा मोजून दिला की बोलणं पुढे सरकतं.

लहान गावाला तर व्याजापेक्षा ठोक खर्च टोचतो. आपल्या 15 लाखांवर 3 टक्क्यांनी तीन महिन्यांचं व्याज होतं 11,250 डॉलर. बॉण्ड वकिलाचं बिल सहज तेवढं होऊ शकतं. तेव्हा दर उतरवण्याच्या बरोबरीनं एकसारखे छापील करारनामे आणि एकत्रित कायदेशीर मत मागा.

पायरी 5: मुदत दोन प्रकारची असते

कर्जाची मुदत 24 महिन्यांवरून 36 वर गेली, हे चांगलं झालं. मंदीतला महसूल मंदीपेक्षा उशिरा पडतो: घरपट्टी मूल्यांकनावर, मूल्यांकन मागच्या वर्षाच्या विक्रीवर. गावाची खरी चणचण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येते.

दुसरी मुदत योजनेची, आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये ट्रेझरी सेक्रेटरी म्नुचिन यांनी योजना 31 डिसेंबरनंतर न वाढवण्याचं जाहीर केलं आणि न वापरलेला निधी परत मागितला. डिसेंबरअखेरच्या कायद्यानं तो निधी काढून घेतला आणि त्या पैशावर तीच योजना पुन्हा सुरू करायला बंदी घातली. महामारीची हिवाळी लाट तेव्हा ऐन भरात होती. म्हणून मागणीत तारीख नको, खूण मागा: देशाची बेरोजगारी अमुक टक्क्यांखाली सलग सहा महिने येईपर्यंत दार उघडं.

पायरी 6: स्वतःचे कागद आजच तयार ठेवा

नियम बदलून गाव पात्र झालं आणि कागद नाहीत म्हणून अडलं, तर सगळी धडपड फुकट.

2020 मध्ये शहरं-काउंटींना साधारणपणे दोन संस्थांचं पतमानांकन लागत होतं, तेही 8 एप्रिलला किमान बीबीबी उणे. अनेक लहान गावांचं मानांकन एकाच संस्थेकडे असतं, किंवा नसतंच. दुसरं घ्यायला वेळ लागतो आणि पैसे पडतात. शांत काळात घेऊन ठेवा. राज्याच्या कायद्यानं गावाला किती मुदतीची नोट काढता येते ते वकिलाकडून लेखी घ्या. केंद्र 36 महिने देईल, पण राज्य 12 च म्हणत असेल तर राज्याचा कायदा आधी बदलावा लागेल. कौन्सिलच्या ठरावाचा मसुदा तयार ठेवा, रक्कम आणि तारीख कोरी सोडून. ऑडिट वेळेत पूर्ण करा. आणि "आम्हाला दुसरीकडे पुरेसं कर्ज मिळत नाही" हे लिहून द्यावं लागतं, म्हणून स्थानिक बँकांनी दिलेले नकार आणि भाव फाइलमध्ये जपून ठेवा.

आम्ही हेच केलेलं नव्हतं. फायनान्स ऑफिसरनी तीन बँकांना फोन केले होते, पण लिहून घेतलेलं काहीच नव्हतं.

पायरी 7: "मग हे लोक उधळतील" या आक्षेपाला उत्तर

हा प्रश्न येणारच आणि तो रास्त आहे. इलिनॉयच्या पेन्शनची थकबाकी महामारीच्या कितीतरी आधीची. ओहायोच्या करदात्यानं ती का भरावी? उत्तर अटींत द्या. कर्ज फक्त येणाऱ्या महसुलावर, जुन्या देण्यांवर नाही. दर तिमाहीला रोकड तक्ता जाहीर. न्यूयॉर्कच्या वेळी राज्याचं नियंत्रण मंडळ बसवलं होतं, तसं काही मोठ्या कर्जांसाठी स्वीकारायची तयारी दाखवा. आणि इलिनॉयनं आपलं कर्ज मुदतीआधी फेडलं, हेही सांगा.

भारतात हा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. एप्रिल 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेनं राज्यांच्या हातउसन्याची, म्हणजे वेज अँड मीन्सची, मर्यादा 60 टक्क्यांनी वाढवली. ती सोय राज्यांना. पुणे किंवा नाशिक महापालिकेला रिझर्व्ह बँकेकडे असं खातं नाही, तिला मंत्रालयाकडेच बघावं लागतं. तिथल्या नगरसेवक मित्रांशी बोलताना कळतं की 15 मेची लाल चौकट त्यांच्याही ओळखीची आहे, फक्त तारीख वेगळी.

आमच्या गावाचं त्या वर्षी निभावलं. लोकांनी कर भरले, पुष्कळांनी 1 जूनची वाट न बघता. दोन तात्पुरते कामगार मात्र कमी केले आणि वाचनालयाची संध्याकाळची वेळ बंद झाली. आठवड्याचा तो तक्ता आता दर महिन्याला समितीपुढे येतो, आणि बँकांची पत्रं त्याच्याच मागे टाचलेली असतात.